ऐकू येईल तेवढेच (भाग ६) : हजार रुपयांच्या डॅकची पारख

मागच्या आठवड्यात हेडफोनच्या डब्यावरचे दोन आकडे कसे वाचायचे ते पाहिले. एक इम्पीडन्सचा, ओममध्ये; दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, डेसिबलमध्ये. या वेळी ते आकडे हाताशी असू द्या, कारण हेडफोनला आवाज पुरवणारी वस्तू विकत घ्यायची तर त्यांच्याशिवाय हिशेब जुळत नाही.

भिलाईत सुपेल्याच्या बाजारात मोबाइलच्या कुठल्याही दुकानात ही वस्तू टांगलेली दिसते. बोटभर तार, एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची गोल खोबण. किंमत शंभरापासून काही हजारांपर्यंत. दुकानदाराला फरक विचारला तर ‘ये वाला ओरिजिनल है’ याच्या पलीकडे उत्तर मिळत नाही, आणि त्याचा तरी काय दोष? डब्यांवर सगळीकडे ‘हाय-रेस’ हाच सोनेरी शिक्का असतो.

पहिला प्रश्न आवाजाचा नाही. त्या तारेत डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी चिप, आहे का, हा आहे. टाइप-सी आल्यावर काही फोन स्वतःच्या पोटातल्या डॅकने तयार केलेला ॲनालॉग आवाजच त्या टाइप-सीच्या खोबणीतून बाहेर काढत. त्यांच्यासाठीचे अडॅप्टर म्हणजे निव्वळ तार, आत चिप नाही. तसे अडॅप्टर आजही स्वस्तात मिळते आणि दुसऱ्या फोनला लावले की मुके बसते. ओळखायची युक्ती सोपी: टाइप-सी असलेल्या लॅपटॉपला लावा. आवाजाच्या सेटिंगमध्ये नवे साधन उमटले तर आत डॅक आहे. काहीच उमटले नाही तर दुकानदाराला परत द्या. फोनवरच तपासणार असाल तर आधी ‘ओटीजी’, म्हणजे बाहेरचे साधन जोडण्याची सोय, चालू आहे ना ते पाहा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते हाताने चालू करावे लागते आणि थोडा वेळ वापर झाला नाही की आपोआप बंद होते. चांगले डॅक ‘खराब’ म्हणून परत जातात ते बऱ्याचदा यामुळे.

आता आकडे. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिचे माप ठरलेले आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. त्यातून सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातले अंतर. घरात पंखा चालू असताना एवढा पल्ला कुणालाच पुरता ऐकू येत नाही. तेव्हा डब्यावरचे ‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्‌झ’ वाचून पाकीट उघडू नका. हजारातल्या चिपलाही सीडीचे माप सहज झेपते. खरी परीक्षा चिपच्या पुढे, ॲम्प्लिफायरच्या भागात आहे: तो व्होल्टेज किती देतो, आणि त्याचा स्वतःचा इम्पीडन्स किती.

व्होल्टेजचा वर्ग करून इम्पीडन्सने भागले की शक्ती मिळते. एक व्होल्ट देणारा डॅक ३२ ओमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट देतो. त्या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला १०० डेसिबल असेल तर आवाज ११५ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे कानाला नको तितका. तोच डॅक ३०० ओमच्या, ९७ डेसिबलच्या हेडफोनला लावला तर जेमतेम ३.३ मिलिवॅट मिळतात आणि कमाल आवाज १०२ डेसिबलच्या आसपास थांबतो. सिनेमाच्या गाण्यांना हे पुरते. ख्यालाच्या जुन्या, हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या मैफलीला कधीकधी कमी पडते. ॲपलचे लहानसे अडॅप्टर हे या वर्गातले सर्वांत चर्चेतले उदाहरण. अमेरिकेत विकले जाणारे एक व्होल्ट देते, युरोपातले अर्धाच. तेच अडॅप्टर अँड्रॉइड फोनला लावले तर आवाज आणखी दबतो, कारण अडॅप्टरच्या आतला व्हॉल्यूम फोन पूर्ण वर नेत नाही. वस्तू उत्तम, पण तुमच्या फोनशी तिचे जुळेलच असे नाही.

इम्पीडन्सचा ठोकताळा असा की डॅकचा आकडा हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी हवा. ३२ ओमच्या हेडफोनला चार ओमपर्यंत चालते. कानात बसणाऱ्या, अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनचा इम्पीडन्स मात्र सुरागणिक बदलतो. तिथे एक ओमच्या आतच राहिलेले बरे, नाहीतर काही सूर फुगतात आणि काही बसतात.

हे घरी मोजता येते. फोनवर ५० किंवा ६० हर्ट्‌झचा शुद्ध सूर पूर्ण आवाजात वाजवा आणि खोबणीत घातलेल्या पिनच्या टोकावर एसी व्होल्टेज मोजा. हेडफोन मात्र कानाला नको. बाजारातल्या सर्वांत स्वस्त मल्टिमीटरवर एसीची सर्वांत खालची पायरी २०० व्होल्टची असते. तिच्यावर एक व्होल्ट नीट कळत नाही. दोन किंवा सहा व्होल्टची पायरी असलेला मीटर एखाद्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. मोकळ्या पिनवर १.०० व्होल्ट आले आणि ३३ ओमचा पाव वॅटचा रेझिस्टर जोडल्यावर ०.९७ झाले, तर डॅकचा इम्पीडन्स साधारण एक ओम. उत्तम. ०.८० वर घसरले तर तो आठ ओमच्या वर गेला, घेऊ नका.

या मोजमापाच्या आग्रहामागे एक गमतीशीर माणूस आहे. ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ एवढ्याच टोपणनावाने इंटरनेटवर लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने २०११ मध्ये ‘ओ-टू’ नावाच्या हेडफोन ॲम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा डबा, साधेच सुटे भाग, पण प्रत्येक दाव्यासोबत आलेख. महागड्या ॲम्प्लिफायरवाल्यांशी तो तावातावाने भांडला, २०१२ मध्ये गप्प झाला, आणि तो कोण होता हे आजवर उघड झालेले नाही. त्याची भाषा मला उद्धट वाटते. मुद्दा मात्र टिकला: स्वच्छ आवाज हा पैशाचा नव्हे, नीट आखणीचा प्रश्न आहे.

आता कान. दोन डॅकपैकी एकाचा आवाज थोडासा जरी मोठा असला तरी तो आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘मोकळा’, ‘स्पष्ट’ वाटतो. दुकानात होणारी निम्मी तुलना इथेच फसते. म्हणून दोन्हींचे व्होल्टेज दोन टक्क्यांच्या आत जुळवा, आणि कुठला लावला आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखले तर नुसत्या नशिबाने तसे घडण्याची शक्यता शंभरात एक. पाच-सहा वेळाच जमले तर स्वस्तातला घ्या.

ऐकायला काय घ्यावे? जुने मोनो ध्वनिमुद्रण. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या पदात गायकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवा. व्हॉल्यूमचे चाक असलेला छोटा ॲम्प्लिफायर असेल तर ते अगदी हळू आवाजावर ठेवून ऐका. स्वस्त चाकात तिथे एक बाजू दबते आणि गायक कानाकडे सरकतो. खरखर तपासायला ख्यालाच्या सुरुवातीचा नुसत्या तानपुऱ्याचा तुकडा बरा. पण टेपची सळसळ डॅकच्या माथी मारू नका. गाणे थांबवून पाहण्यातही फसगत होते, कारण बरेच डॅक गाणे थांबताच स्वतःच मिटतात. मूक फाइल वाजवून ऐका: तरीही सळसळ आली तर ती डॅकची. लॅपटॉप चार्जरवर असताना घूं-घूं येते आणि चार्जर काढला की जाते, असे झाले तर दोष बहुधा डॅकचा नाही, घरातल्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे.

भिलाईत या ऐकण्याला आणखी एक बाजू आहे. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली. आधीपासून या भागात असलेल्या मराठी घरांत विदर्भातून नोकरीसाठी आलेल्यांची भर पडली. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरली आहे. कारखान्याच्या आवाजात वर्षे काढलेल्या कानाचे नुकसान आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास होते. वयाने वरचे सूर ऐकू येईनासे होतात, ते वेगळेच. अशा निवृत्त माणसाला पाच हजारांचा डॅक विकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्याला एक व्होल्टचा साधा डॅक, कान झाकणारा बरा हेडफोन आणि फोनमधला इक्वलायझर जास्त देईल. जी. ई. रोडच्या वाहतुकीत फोनवर गाणी ऐकणाऱ्या तरुणालाही हेच लागू, कारण रस्त्याचा गोंगाट डॅकमधल्या कुठल्याही फरकाला गिळून टाकतो.

शेवटी ही वस्तू मरते ती आवाजाने नाही, तारेने. टाइप-सीच्या टोकाशी तार वाकते, आतला धागा तुटतो आणि आवाज जातो. म्हणून घेताना तार त्या टोकाशी हलवत गाणे ऐका, फोन खिशात घालून दोन पावले चाला. सुटी तार बदलता येणारा डॅक दोनशे रुपये महाग असला तरी घ्यावा. बिल जपून ठेवा.

इक्वलायझरचा विषय निघालाच आहे, तर पुढच्या भागात कमी झालेल्या वरच्या सुरांसाठी तो किती आणि कुठे फिरवायचा ते पाहू.