सुपे की साबीआ?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागात लिहिताना जरा धाकधूक वाटतेय. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण विषयच असा आहे, की तो मला इंग्लिशमध्ये कळला नाही, मराठीत कळला.

मी शनिवार-रविवारी स्पॅनिशच्या क्लासला जाते. सुरुवातीला सगळं सोपं होतं. मग भूतकाळ आला. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. प्रेतेरितो म्हणजे झालं, संपलं. इम्पेरफेक्तो म्हणजे तेव्हा चालू असलेली क्रिया, स्थिती किंवा सवय. 'जेवले' आणि 'जेवत होते', असा साधारण फरक.

माझी गोची झाली 'साबेर' या क्रियापदाने. साबेर म्हणजे माहीत असणं. अगदी रोज लागणारं. याचा इम्पेरफेक्तो सरळ आहे: साबीआ, साबीआस, साबीआ, साबीआमोस, साबीआइस, साबीआन. प्रेतेरितोत मात्र मूळच बदलतं: सुपे, सुपिस्ते, सुपो, सुपिमोस, सुपिस्तेइस, सुपिएरोन. (शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर आठवा, 'सुपे' कधी विसरणार नाही!) इंग्लिशमध्ये दोन्हीला सहसा 'आय न्यू' म्हणून मोकळं होता येतं. शिवाय मनाची स्थिती सांगताना इम्पेरफेक्तो वापरायचा, हा नियम मी घोकला होता.

मग क्लासमध्ये निबंध आला, 'विसरता न येणारा दिवस'. मागच्या सेमिस्टरला पेपर चालू असताना माझी आजी गेली. गुरुवारी गेली. शनिवारी माझा शेवटचा पेपर होता, म्हणून घरच्यांनी तो होईपर्यंत मला सांगितलं नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी निबंधात लिहिलं, शनिवारी पेपर दिला, आणि पुढचं वाक्य: 'साबीआ के मी आबुएला आबीआ मुएर्तो.'

मॅडमनी वाचून हळूच विचारलं, "तुला माहीत होतं, तरी तू पेपर दिलास?"

मी म्हटलं, "नाही मॅडम, मला नंतर कळलं!"

"मग तसं लिही ना. सुपे."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साबीआ म्हणजे 'मला माहीत होतं', सुपे म्हणजे 'मला कळलं'. माहीत असणं ही स्थिती आहे, तिला ठरावीक सुरुवात-शेवट दाखवायची गरज नसते. प्रेतेरितोला मात्र घटना लागते, आणि माहितीच्या बाबतीत ती घटना म्हणजे बहुतेक वेळा माहिती मिळाली तो क्षण. मराठीत आपण त्यासाठी वेगळं क्रियापदच वापरतो, स्पॅनिशमध्ये फक्त काळ बदलतो.

अशी आणखी क्रियापदं आहेत. कोनोसेर: 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसी' म्हणजे पहिल्यांदा ओळख झाली. केरेर: 'नो केरीआ' म्हणजे मनात नव्हतं (पण कदाचित केलंही असेल), 'नो कीसे' म्हणजे नकारच दिला. तेव्हा स्पॅनिश शिकणाऱ्यांनी वाक्य आधी मराठीत म्हणून बघावं. 'होतं' आलं तर बहुधा इम्पेरफेक्तो, 'कळलं', 'झालं' आलं तर प्रेतेरितो. हा काही पक्का नियम नव्हे, पण माझं काम भागतं.

एका शब्दाची चूक, पण त्या चुकीने मी आजी गेल्याचं माहीत असूनही निवांत पेपर लिहिणारी नात झाले होते. व्याकरणाच्या मार्कांपेक्षा तेच जास्त लागलं.

वही परत देताना मॅडमनी विचारलं, "आधी कळलं असतं, तर पेपर सोडून गेली असतीस?"

स्पॅनिशमध्ये याला सुंदर वाक्य आहे. 'नो सुपे के देसीर.' इथे सुपेचा अर्थ 'कळलं' नाही. काय बोलावं ते मला सुचलं नाही.