गावचा चित्रपट-उत्सव व त्यामागील हात

आमच्या मासिकात बी-बियाणे, खते, बांधबंदिस्ती व सहकारी पतपेढ्या यांची चर्चा नित्य होते. त्याच पानांत चित्रपटाचा विषय पाहून काही वाचक बंधूंस नवल वाटेल. परंतु चित्रपटाची गोडी लावावी हा येथे आमचा हेतू नव्हे. तो गावात आणणारे, पटांगण झाडणारे, यंत्रापाशी रात्र काढणारे आणि त्याबद्दल एक पैही न घेणारे जे लोक असतात, त्यांचे काम शेतकरी-संघाच्या कामाचेच भावंड होय, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

जत्रेतील तंबूचा सिनेमा आम्हां सर्वांच्या ओळखीचा. तंबूवाला तिकिटाचे पैसे घेई, खेळ दाखवी आणि खुंट्या उपटून पुढील जत्रेस निघून जाई. त्यात दोष काही नाही, तो त्याचा धंदा होता. मात्र त्या खेळात गावाचा हात कोठेच लागत नसे. गाव केवळ गिऱ्हाईक असे. गावानेच मांडलेला खेळ कसा असतो हे पाहावयाचे झाल्यास शेजारच्या कन्नड मुलखात जावे लागते.

शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांचे एक लहान गाव आहे. तेथील तरुणांनी १९४९ साली 'नीनासम' ही नाट्यमंडळी स्थापन केली. तिचे चालक के. व्ही. सुब्बण्णा हे स्वतः सुपारीचे बागायतदार. विद्यापीठाचे शिक्षण घेऊनही ते बागेत परतले आणि अखेरपर्यंत गावातच राहिले. १९७३ साली या मंडळींनी चित्रसमाज काढला, व पुढे सत्यजित राय, कुरोसावा, चॅप्लिन अशांचे चित्रपट त्या खेड्यात दाखविले जाऊ लागले. शहरातील शहाण्यांस ही थट्टा वाटली असल्यास नवल नाही. जपानी बोलणे आणि खाली इंग्रजी अक्षरे. बागेत कोयता चालविणाऱ्यास त्यातले काय उमगावे? त्यावर कार्यकर्त्यांचा उपाय साधा होता. कथेचा गोषवारा कन्नडात सांगावयाचा आणि मग चित्र बोलेल तसे बोलू द्यावयाचे. पुण्याच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक सतीश बहादुर यांनी तेथे जाऊन रसास्वादाचे वर्ग घेतले. सुब्बण्णांस १९९१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. २००५ साली ते वारले, आणि संस्था त्यांच्या मागेही चालू राहिली. आम्हांस या हकिगतीत पारितोषिकाहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, ती सारी उठाठेव करणारे लोक दिवसा बागाईत करीत होते.

ही उठाठेव किती, हे ज्याने केली त्यालाच ठाऊक. त्या काळी चित्रपट म्हणजे रिळांच्या पेट्या. सोळा मिलिमीटरची सोळाशे फुटी रीळ सुमारे पाऊण तास चाले; म्हणजे दोन तासांच्या खेळास तीन रिळे आणि मध्ये दोन वेळा बदल. पेट्या वेळेवर सोडवून आणणे, खेळ संपताच गुंडाळी उलटी फिरवून त्या परत पाठविणे, कारण पुढील गाव त्यांची वाट पाहत असावयाचे. फीत तुटली तर अंधारात सांधणे, दिवा गेला तर बदलीचा दिवा खिशात असणे, आणि तोवर कंटाळलेल्या मुलांस आवरणे! प्रेक्षकांस यांपैकी काही दिसत नाही, आणि दिसू नये हेच त्या कामाचे कसब. आज रिळांच्या जागी हातात मावेल अशी डबी आली आहे खरी, परंतु सतरंज्या अजून माणसांनाच अंथराव्या लागतात.

द्रव्याचा प्रश्न निघेल. त्यास गुजरातेतील दूध-उत्पादकांचे उत्तर आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट निघाला, तो पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन. विषय त्यांचाच, दुधाच्या सहकारी सोसायटीचा. आणि तो पाहावयास ते ट्रक भरभरून गेले. दोन रुपयांचा भागधारक झालेला मनुष्य पडद्याकडे निराळ्याच डोळ्यांनी पाहतो. एका धनिकाने सारा खर्च उचलला असता, तर हे घडले नसते असे आमचे मत आहे. गावच्या उत्सवातही वर्गणी लहान पण घराघरांतून असावी, ती याचसाठी.

आता आपल्या सास्तूरकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश-विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास येथे जो भूकंप झाला त्याचे वर्णन वाचकांस सांगणे नको. स्वयंसेवक हा शब्द या भागात घरोघर पोहोचला तो त्या दिवसांत, आणि तो बाहेरगावच्या माणसांसाठी. त्यांनी ढिगारे उपसले, प्रेते काढली, अन्न शिजविले. त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु त्यातून एक सवयही लागली. सेवा करणारा तो परगावचा, आणि आपण घेणारे, अशी. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. रस्ते रुंद झाले, घरे दूर दूर गेली. ओट्यावरून ओट्यावर चालणारे बोलणे तुटले, ही तक्रार पुनर्वसित गावांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. अशा गावी वर्षातून दोन-तीन रात्री सर्व आळ्यांनी एका पटांगणात बसावे, आणि बसविणारे हात गावचेच असावेत, एवढी आमची अपेक्षा आहे. चित्रपट हे निमित्त. 'सावकारी पाश' बाबूराव पेंटरांनी १९२५ साली काढला, 'टिंग्या' हा बैलाचा व पोराचा चित्रपट २००८ सालचा. शेतकऱ्याने शेतकऱ्याचे पाहावे असे मराठीत पुष्कळ आहे.

काळ फाल्गुनाचा बरा. ज्वारीची खळी उरकलेली असतात, पावसाचे भय फारसे नसते, आणि कॉलेजासाठी लातूर-पुण्यास गेलेली मुले होळीस घरी आलेली असतात. यंत्र तीच चालवितील. हिशेब मात्र सोसायटीत वही लिहिलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडे असावा. काम पाच जणांत वाटावे, एकावर टाकू नये. एकट्याच्या उत्साहावर उभी असलेली मंडळे तो थकला की बसतात. चित्रपटाच्या मालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी, ती चुकवू नये.

एक सूचना मात्र कटाक्षाची. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास कायद्याने बंदी आहे. फाल्गुनात पडद्यावर चित्र दिसण्याइतका अंधार सात वाजण्याच्या सुमारास पडतो. दोन-अडीच तासांचा चित्रपट आणि आधी गोषवाऱ्याची दहा मिनिटे वजा जाता, शाल-श्रीफळ व पाहुण्यांची भाषणे यांस जेमतेम पाव तास उरतो. पाहुण्यांस निमंत्रणाच्या पत्रातच हे कळवून ठेवावे.