एकेचाळिसाव्या लेखाला जागा कुठे?

मागच्या वर्षी मंडळाच्या जुन्या अंकांची सूची संगणकावर करायला घेतली. वहीत आखतो तसाच तक्ता मी आखला. एका अंकाला एक ओळ, आणि त्या ओळीत लेख १, लेखक १, लेख २, लेखक २ असे चाळीस लेखांचे ऐंशी रकाने. प्रत्येक रकान्याला २५५ अक्षरांची मुभा. मायएसक्यूएलने तक्ता बनवायलाच नकार दिला: ओळ फार मोठी झाली म्हणे! गंमत म्हणजे आत अजून एकही नोंद नव्हती.

कारण साधं आहे. मायएसक्यूएलमध्ये एका ओळीतल्या सगळ्या रकान्यांना मिळून ६५,५३५ बाइटांची मर्यादा असते. हिशोब प्रत्यक्ष मजकुराचा नसतो. जास्तीत जास्त किती मजकूर येऊ शकेल, त्याचा असतो. यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच वापरला तर प्रत्येक अक्षराला ४ बाइट धरतात. २५५ चोक १,०२०, वर लांबी नोंदवायला २. असे ६४ रकाने बसतात, पासष्टावा बसत नाही. माझे तर ऐंशी होते!

मग रकाने अरुंद करायचे का? इथे मराठीचा वेगळाच पेच आहे. काना, वेलांटी, हलन्त हे सगळं संगणक स्वतंत्र मोजतो. ‘स्त्री’ हे आपल्याला एकच जोडाक्षर दिसतं. संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हं आणि साठवताना १८ बाइट. त्यामुळे ‘नावाला वीस अक्षरं पुरे’ म्हटलं, तर लांब नाव मावणार नाही. कडक तपासणी चालू असेल तर नोंद नाकारली जाते. ती बंद असेल तर नावाचं शेपूट कापलं जातं आणि आपल्याला मिळतो फक्त एक इशारा, जो कुणी वाचत नाही. एखाद्याचं आडनाव सूचीत कायमचं अर्धं राहतं.

दुसरी पळवाट ‘टेक्स्ट’ प्रकाराची. त्यातला मजकूर या हिशोबात धरत नाहीत; रकान्यामागे ९ ते १२ बाइटच मोजतात. तक्ता तयार होतो खरा, पण रकान्यांच्या संख्येलाही मर्यादा आहेच: मायएसक्यूएलच्या इनोडीबीत १,०१७, एसक्यूएल सर्व्हरच्या साध्या तक्त्यात १,०२४, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फार तर १,६००.

आपल्याला कुठे हजार रकाने लागतात? बरोबर. पण माझी खरी चूक एका विशेषांकाने दाखवून दिली. त्यात लेख होते त्रेचाळीस. शेवटच्या तिघांना माझ्या तक्त्यात जागाच नव्हती! शिवाय एका लेखिकेचं सगळं लेखन शोधायचं, तर चाळीस रकाने धुंडाळायचे.

शेवटी तक्ता मोडला आणि तीन केले: अंक, लेखक आणि लेख. लेखांच्या तक्त्यात प्रत्येक लेखाला स्वतःची ओळ. त्यात शीर्षक, अंकाचा क्रमांक, लेखकाचा क्रमांक, बस्स. एकेचाळिसावा लेख आला की रकाना वाढत नाही, ओळ वाढते. ओळी लाखांनी वाढल्या तरी चालतं.

तेव्हा रकान्यांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लागायला लागले, की तिथेच थांबा. ते रकाने नसतात, ओळी असतात. आपण त्यांना आडवं झोपवलेलं असतं.