अरबी आखातातील मिशन आणि चर्च

न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे डच परंपरेतल्या अमेरिकन रिफॉर्म्ड चर्चचे धर्मशास्त्र विद्यालय आहे. तेथील प्राध्यापक जॉन लान्सिंग आणि त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी १८८९ साली ‘अरेबियन मिशन’ स्थापन केले. लान्सिंग स्वतः मिशनऱ्याचे चिरंजीव आणि जन्माने दमास्कसचे. त्यांच्या शिष्यांपैकी जेम्स कँटीन आणि सॅम्युएल झ्वेमर हे दोघे पुढे प्रत्यक्ष अरबस्तानात गेले. चर्चच्या तिजोरीत या कामासाठी पैसा नव्हता, म्हणून पहिली पाच वर्षे मिशन वर्गणीवर चालले. १८९४ मध्ये चर्चने ते आपल्याकडे घेतले. इस्लामचा जिथे जन्म झाला त्या भूमीतच ख्रिस्ताचा संदेश पोचवायचा, असा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

त्यांचे पहिले ठाणे पडण्याआधी दोघांनी हा प्रयत्न केला होता. केंब्रिजचे अरबी पंडित आयन कीथ-फाल्कनर एडनजवळच्या शेख उस्मानमध्ये जाऊन राहिले आणि १८८७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तापाने गेले. लाहोरचे पहिले बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच पद सोडून मस्कतला पोचले आणि १८९१ च्या मे महिन्यात तिथेच वारले. हा सारा किनारा मुंबईशी जोडलेला होता. एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडे होता आणि तो १९३२ पर्यंत तसाच राहिला. इराणी किनाऱ्यावरच्या बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंटही १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. मुंबईहून निघालेल्या टपालबोटी मस्कत, बहारीन, बुशहर करत बसऱ्याला जात आणि आखातातल्या बाजारात भारतीय रुपया चाले. मिशनऱ्यांचे धर्मबंधू अमेरिकेत असले, तरी त्यांचा रोजचा व्यवहार मुंबईच्या दर्यावरच अवलंबून होता.

मिशनचे पहिले ठाणे १८९१ मध्ये तुर्की अमलाखालच्या बसऱ्यात पडले. १८९२ मध्ये बहारीन आणि १८९३ मध्ये मस्कत ही ठाणी सुरू झाली. बायबलची दुकाने काढायची, गावोगाव पुस्तके विकायची, बाजारात बोलायचे, असा सुरुवातीचा क्रम होता. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. बैरूतचे कामिल अब्दुल मसीह हे इस्लाममधून ख्रिस्ती झालेले तरुण सहकारी १८९२ मध्ये बसऱ्यात अचानक वारले आणि त्यांना विष दिल्याचा संशय कायम राहिला. मस्कतमध्ये मुक्त केलेल्या गुलाम मुलांची शाळा चालवणारे पीटर झ्वेमर, म्हणजे सॅम्युएलचे बंधू, १८९८ मध्ये गेले. सॅम्युएल आणि त्यांच्या पत्नी एमी यांच्या दोन मुली १९०४ च्या जुलैमध्ये आठवडाभराच्या अंतराने बहारीनमध्ये दगावल्या.

मिशनला लोकांच्या घरात प्रवेश मिळाला तो दवाखान्यामुळे. महाराष्ट्राला हे निराळे सांगायला नको. १८९० च्या दशकात मिरजेत विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहत होते. बहारीनमध्ये १९०३ साली मेसन मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि शॅरन व मॅरियन थॉम्स हे डॉक्टर दांपत्य तिथे काम करू लागले. मॅरियन १९०५ मध्ये वारल्या. शॅरन पुढे ओमानमध्ये काम करत असताना १९१३ मध्ये टेलिफोनची तार बसवताना खांबावरून पडून मरण पावले. त्यांचे चिरंजीव वेल्स थॉम्स १९३९ मध्ये त्याच ओमानात डॉक्टर म्हणून आले आणि तीन दशके राहिले. त्या काळात त्या देशात मिशनखेरीज रुग्णालय म्हणण्यासारखे फारसे काही नव्हते.

कुवेतमध्ये शेख मुबारक यांच्या संमतीने काम सुरू झाले. एलिनॉर कॅल्व्हर्ली १९१२ मध्ये तिथे पोचल्या. परपुरुषाकडून तपासून न घेणाऱ्या बायकांना त्या पहिल्या स्त्री डॉक्टर लाभल्या. पुरुषांचे रुग्णालय १९१४ मध्ये आणि बायकांचे काही वर्षांनी उभे राहिले. १९२० मध्ये जहरा येथे मध्य अरबस्तानचा राज्यकर्ता इब्न सौद याच्या इख्वान या टोळीफौजेशी लढाई झाली तेव्हा जखमी कुवेती याच रुग्णालयात आले आणि डॉ. स्टॅन्ली मायलरी यांनी त्यांच्यावर उपचार केले. शहराच्या कृतज्ञतेचा पाया त्या दिवसांत पडला. मिशनचे डॉक्टर पॉल हॅरिसन यांना तर १९१७ मध्ये खुद्द इब्न सौदने रियाधला बोलावून घेतले. उपचार करा आणि परत जा, एवढीच ती परवानगी होती. मध्य अरबस्तानात कायमचे ठाणे मिशनला कधीच मिळाले नाही.

दवाखान्यातही प्रवचन असे. रुग्णांची तपासणी सुरू होण्याआधी शुभवर्तमानातील उतारा वाचला जाई आणि प्रार्थना होई. गरजवंताच्या आजारपणाचा असा उपयोग करावा का, हा प्रश्न मिशनच्या टीकाकारांनी विचारला आणि तो रास्तच होता. पण रुग्ण वाचन ऐकत, औषध घेत आणि मुसलमान म्हणूनच घरी जात. चाळीस-पन्नास वर्षांच्या कामानंतर बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. धर्मांतर हा निकष लावला तर मिशन फसले, असेच म्हणावे लागेल. १९११ मध्ये ‘द मॉस्लेम वर्ल्ड’ हे त्रैमासिक सुरू करणारे झ्वेमर पुढच्याच वर्षी कैरोला गेले. इस्लामशी वाद घालण्याची त्यांची रीत आज जुनाट वाटते. आखातात राहिलेले त्यांचे सहकारी मात्र वादापेक्षा शेजार पत्करू लागले होते.

बहारीनच्या रुग्णालयाचा एक धागा भारतापर्यंत येतो. केरळचे जेकब चांडी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे हॅरिसन यांच्या हाताखाली काम केले आणि त्यांच्याच आग्रहाने ते मेंदूच्या शस्त्रक्रियेकडे वळले. १९४९ मध्ये चांडी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग उभारला.

बहारीनमध्ये १९३२ साली तेल लागले आणि पुढच्या तीस वर्षांत सगळे चित्र पालटले. सरकारांकडे पैसा आला, त्यांनी स्वतःची रुग्णालये आणि शाळा काढल्या. कुवेतचे मिशन रुग्णालय १९६७ मध्ये बंद झाले. त्या जुन्या इमारतीत आता इस्लामी कलासंग्रहाचे सांस्कृतिक केंद्र आहे. बसऱ्यातली मिशनची शाळा इराकी राज्यकर्त्यांनी ताब्यात घेतली. ओमानमध्ये १९७० नंतर सुलतान काबूस यांचे नवे आरोग्य खाते मिशनच्या रुग्णालयांसह उभे राहिले. १९७३ मध्ये अरेबियन मिशन संस्था म्हणून विसर्जित झाले. बहारीनचे अमेरिकन मिशन रुग्णालय तेवढे आजही चालू आहे.

मिशन संपत असतानाच आखातातली चर्च मात्र भरू लागली होती. तेल कंपन्यांच्या कचेऱ्यांत, गोद्यांत आणि घरांत कामाला गोवेकर, मंगळुरी, मल्याळी आले. मागून फिलिपिनो, वसई-मुंबईकडचे ख्रिस्ती, लेबनीज, इथिओपियन आले. कपुचिन या कॅथोलिक संघाच्या धर्मगुरूंनी बहारीनमध्ये १९३९-४० च्या सुमारास ‘सेक्रेड हार्ट’ चर्च बांधले. त्यासाठी जागा शेखने दिली होती. कुवेतच्या अहमदी या तेलनगरीतही चर्च झाले. बहुतेक ठिकाणी आठवड्याची सुटी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारीही होते आणि ती इंग्रजी, मल्याळम, तामिळ, टागालोग, कोकणी अशा भाषांत पाळीपाळीने चालते. मिशनरी ज्यांच्यासाठी आले होते ते अरब या गर्दीत नाहीत, आणि गर्दीतल्या कोणालाही कुठल्या चर्चने पाठवलेले नाही. ते पगारासाठी आले आणि श्रद्धा सोबत घेऊन आले.

यामुळे चर्चांमधल्या भागीदारीचा अर्थही बदलला. कुवेतमधील जुन्या मिशनच्या आवारात आज ‘नॅशनल इव्हँजेलिकल चर्च’ आहे आणि वेगवेगळ्या भाषांचे डझनावारी गट तिथे वेळा वाटून उपासना करतात. इमॅन्युएल घरीब १९९९ मध्ये तिथे पाद्री झाले. कुवेती नागरिक असलेले ते पहिलेच पाद्री. ओमानमध्ये अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड परंपरेने एकत्रित प्रॉटेस्टंट चर्च चालवले. मस्कतमध्ये १९८७ साली ‘अल अमाना’ केंद्र सुरू झाले. तिथे ख्रिस्ती व मुस्लीम अभ्यासक एकमेकांचे ग्रंथ समजून घेतात. मध्यपूर्वेतील जुन्या ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट चर्चांनी १९७४ मध्ये ‘मिडल ईस्ट कौन्सिल ऑफ चर्चेस’ स्थापन केली आणि १९९० मध्ये कॅथोलिकही त्यात आले. त्यानंतर पाश्चात्त्य मिशनने परस्पर निर्णय घ्यावेत आणि स्थानिकांनी ते पाळावेत, हा शिरस्ता टिकणे कठीण झाले. उशिरा का होईना, पण हे झाले ते बरेच झाले.

राज्यकर्तेही या चर्चकडे आता वेगळ्या नजरेने पाहतात. दोहामध्ये २००८ साली पहिले कॅथोलिक चर्च उघडले. त्यावर बाहेरून क्रूस नाही आणि घंटाही नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या फेब्रुवारीत अबू धाबीत कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यासंस्थेचे प्रमुख अहमद अल-तय्यिब यांच्यासमवेत मानवी बंधुत्वाच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्टेडियमवर मिस्सा अर्पण केली. बहारीनमध्ये अवाली येथे राजाने दिलेल्या जागेवर २०२१ च्या डिसेंबरात मोठे कॅथेड्रल झाले आणि पुढल्या वर्षी पोप तिथेही गेले.

ही मोकळीक मुख्यतः परदेशी पाहुण्यांपुरती आहे, हे विसरून चालणार नाही. मुसलमानांमध्ये धर्मप्रचार करायला या देशांत बंदी आहे, आणि स्थानिक मुसलमानाने ख्रिस्ती होणे घरालाही पटत नाही, कायद्यालाही नाही. सौदी अरेबियात तर आजही एकही चर्च नाही. तेथील ख्रिस्ती कामगार खोल्यांतच जमून प्रार्थना करतात.