नाव बदलले, डिस्क तीच

लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि त्यानंतर संगणक नीट सुरूच होईना, असा अनुभव पुष्कळांना येतो. पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची ओळ दिसते आणि डिस्क गेली असे आपण समजतो. मग कोणीतरी सारे पुसून नव्याने बसवण्याचा सल्ला देतो, आणि वर्षभराची टिपणे, निबंध, छायाचित्रे हकनाक नाहीशी होतात. वस्तुतः डिस्क शाबूत असण्याचा संभव मोठा असतो. बदललेले असते ते केवळ तिचे नाव.

हे नाव येते कोठून? संगणक सुरू होताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने त्यांना नावे देतो : पहिली ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’. आवृत्तीबरोबर ड्रायव्हर बदलले की हा क्रमही बदलू शकतो. क्वचित नावांची पद्धतच बदलते. आयडीई जातीच्या डिस्कला पूर्वी ‘एचडीए’ म्हणत. २००७ साली फेडोरा ७ मध्ये ‘लिबाटा’ हे नवे ड्रायव्हर आले आणि तीच डिस्क ‘एसडीए’ झाली.

आपल्या हजेरीपटावरील क्रमांक दरवर्षी बदलतो; विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मात्र तोच राहतो. डिस्कच्या पार्टिशनलाही फॉरमॅट करतेवेळी असाच एक क्रमांक मिळतो. त्यास ‘यूयूआयडी’ म्हणतात. लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत तो ३२ अंकाक्षरांचा असून पार्टिशनवरच नोंदलेला असतो. म्हणून केबल दुसरीकडे जोडली तरी तो बदलत नाही.

घोटाळा होतो तो ‘एफएसटॅब’ या फाइलीत. कोणते पार्टिशन कोठे जोडायचे याची यादी तिच्यात असते. तेथे ‘एसडीबी१’ असे लिहिले असेल आणि ते नाव आता नसेल, तर प्रणाली साधारणतः ९० सेकंद वाट पाहते आणि आपत्कालीन अवस्थेत थांबते. ते नाव दुसऱ्याच पार्टिशनला मिळाले असेल, तर भलतेच पार्टिशन जोडले जाण्याचा धोका असतो.

उपाय सोपा आहे. आपत्कालीन अवस्थेत किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्यावी. आकारावरून आपली डिस्क ओळखता येते. ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने तिच्या पार्टिशनांचे यूयूआयडी कळतात. एफएसटॅबची एक प्रत काढून ठेवावी, आणि मूळ फाइलीत जुन्या नावाच्या जागी ‘यूयूआयडी=’ लिहून पुढे तो क्रमांक घालावा. नेहमी जोडलेली नसणारी डिस्क असेल तर ‘नोफेल’ हा पर्यायही लिहावा, म्हणजे तिच्यावाचून संगणक अडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी : एका डिस्कची हुबेहूब नक्कल केली, तर दोहोंचे यूयूआयडी एकच होतात, त्या दोन्ही एकाच वेळी जोडू नयेत.

सर्वांत मोठा धोका सवयीचा आहे. काल पेन ड्राइव्ह ‘एसडीबी’ होता म्हणून आज त्याच नावावर फॉरमॅटची आज्ञा दिली, तर आपलीच डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून पुसण्याची कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी, दर वेळी, आकार आणि यूयूआयडी पडताळून पाहावेत. त्याला एक मिनिट लागते. गेलेली टिपणे मात्र परत मिळत नाहीत.