घोडामैदानात अडथळे असतात तेव्हा

११ मार्च २०२५, मंगळवार. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या मैदानावर चॅम्पियन हर्डल ही शर्यत सुटली तेव्हा बहुतेकांच्या मनात निकाल ठरलेला होता. कॉन्स्टिट्यूशन हिल हा घोडा तोवर दहा शर्यती धावला होता आणि दहाही जिंकला होता. पाचव्या अडथळ्यावर तो पडला. मग आदल्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन पुढे निघाला आणि मोकळी आघाडी घेऊन शेवटच्या अडथळ्यापाशी आला. आता एकच उडी आणि त्यापुढची चढण बाकी. त्या उडीत तोही पडला. मागून येणारी गोल्डन एस ही घोडी नऊ लांबींनी जिंकली. तिचा भाव होता एकाला पंचवीस.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच शब्द होता: नशीब. ती शर्यत मी नंतर अनेकदा पाहिली. नशिबाचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. पण सगळाच निकाल नशिबाच्या पदरात टाकला, तर अडथळ्यांच्या शर्यतीत घोडा पारखायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे शिकायची उत्तम संधी हातची जाते.

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या मैदानावर रेस पाहणाऱ्या आपल्या माणसाची नजर सपाट शर्यतीवर तयार झालेली असते. इंडियन डर्बी २४०० मीटरची आणि चार वर्षांच्या घोड्यांची. तिथे वेग, वंश आणि शेवटच्या वळणानंतरची झेप पाहिली की बरेचसे काम होते. ब्रिटन आणि आयर्लंडमधली उडीची शर्यत हा वेगळाच प्रांत आहे. ती मुख्यतः हिवाळ्यात चालते, अंतर सव्वातीन किलोमीटरच्या आसपास सुरू होते आणि लिव्हरपूलजवळच्या ग्रँड नॅशनलला जवळपास सात किलोमीटरवर पोचते. सपाट शर्यतीतला घोडा ज्या वयात निवृत्त होतो, त्या वयात इथला घोडा कुठे उमेदीत येतो. आठ-नऊ वर्षांचा घोडा इथे ऐन भरात मानतात. बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात, त्यामुळे पैदाशीसाठी लवकर निवृत्त करण्याची घाई नसते. तेच घोडे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहतात, आणि प्रेक्षक त्यांना घरच्या माणसांसारखे नावाने ओळखतात.

अडथळे दोन जातींचे. हर्डल म्हणजे मेंढवाड्याच्या कुडासारखी हलकी चौकट. उंची किमान १०७ सेंटिमीटर, आणि घोड्याचा पाय लागला तर ती झुकते. फेन्स म्हणजे बर्चच्या फांद्या गच्च बांधून केलेली भिंत. उंची किमान १३७ सेंटिमीटर, आणि ती झुकत नाही. हर्डलवर घोडा जवळजवळ धावतच पुढे जातो, फेन्सवर त्याला खरोखर उडी मारावी लागते. म्हणून हर्डलचा राजा फेन्सवर चाचपडतो, आणि हर्डलवर मधला असलेला घोडा फेन्सवर फुलतो, असे दर हंगामात दिसते.

इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा एखादा घोडा इतका सराईत आहे की शंभर उड्यांत एकदाच चुकतो. चॅम्पियन हर्डलमध्ये आठ अडथळे असतात. ते सगळे नीट पार करण्याची त्याची शक्यता शंभरात ९२. चेल्टनहॅम गोल्ड कपच्या बावीस फेन्सना ती ८० वर येते, आणि ग्रँड नॅशनलच्या तीस फेन्सना ७४ वर. हा सराईत घोडा झाला. शंभरात दोनदा चुकणारा घोडा ग्रँड नॅशनलला निम्म्याहून थोड्याच जास्त वेळा बिनचूक पोचेल. वेगातला थोडासा फरक या आकड्यांपुढे टिकत नाही. सपाट शर्यतीच्या सवयीने पाहणारा माणूस नेमका इथेच फसतो: सगळ्यांत वेगवान कोण, हे तो आधी विचारतो. सगळे अडथळे कोण पार करील, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

चूक म्हणजे पडणेच असेही नाही. त्याच मंगळवारी आर्कल ही नवोदितांची फेन्सची शर्यत झाली. मॅजबरो हा फेवरिट आघाडीवर होता. शेवटून दुसऱ्या फेन्सवर त्याची उडी वाईट चुकली. तो उभा राहिला, पण लय आणि दम दोन्ही गेले. जँगो बाई या घोड्याने त्याला चढणीवर गाठले आणि शर्यत नेली. फेन्सजवळ आल्यावर घोडा उडीची जागा स्वतः धरतो का, की दर वेळी जॉकीला त्याला सावरावे लागते, हे जुन्या शर्यतींच्या चित्रफिती पाहून कळते. या अभ्यासाला पर्याय नाही असे माझे मत आहे. पुस्तकातले आकडे हे सांगत नाहीत.

आता फॉर्मच्या ओळीकडे येऊ. शर्यतपत्रिकेत घोड्याच्या नावाशेजारी मागच्या शर्यतींचे क्रमांक असतात, आणि मध्ये मध्ये अक्षरे. ‘एफ’ म्हणजे घोडा पडला. ‘यू’ म्हणजे घोडा उभा राहिला पण जॉकीची मांड सुटली. ‘पी’ म्हणजे जॉकीने थकलेल्या घोड्याला मध्येच थांबवले. ‘बी’ म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यात हा आडवा झाला. ‘आर’ म्हणजे घोड्याने उडीच नाकारली. अक्षर एक, अर्थ अनेक. ‘बी’ला मी घोड्याचा दोष धरत नाही, ‘आर’ला मात्र फार जपून असतो, कारण नकाराची सवय घोड्याच्या मनात बसते.

त्या मंगळवारनंतर कॉन्स्टिट्यूशन हिल आणि स्टेट मॅन दोघांच्याही ओळीत ‘एफ’च आला. पण स्टेट मॅन जिंकत असताना, अख्खी शर्यत निभावून, शेवटच्या उडीला पडला. त्याची ताकद त्या पडण्याने कमी झाली नाही. कॉन्स्टिट्यूशन हिल मात्र खऱ्या लढाईला तोंड लागायच्या आधीच पडला होता. एकाचा ‘एफ’ अपघात म्हणून वाचावा लागतो, दुसऱ्याचा इशारा म्हणून.

जमिनीचे काय? आपल्या शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. फार ओल नको, फार कोरडे नको, पाय बुडू नये पण जमीन दगडही नसावी. चेल्टनहॅममध्ये हाच विचार सकाळपासून चालतो. जमिनीच्या वर्णनाची शिडी ‘हेवी’ म्हणजे दलदलीपासून ‘फर्म’ म्हणजे कडक जमिनीपर्यंत जाते. मोठ्या टापा टाकत, गुडघे उचलून धावणारा घोडा चिखलात टिकतो. हलकी, जमिनीलगतची चाल असलेला घोडा तिथे खचतो आणि कोरड्यावर उडतो. रात्री पाऊस झाला तर सकाळी अख्खी पत्रिका नव्याने वाचावी लागते. त्यात चेल्टनहॅमचे मैदान सपाट नाही. घोडे उतारावरून वेगात खाली येतात, वळतात आणि शेवटच्या अडथळ्यानंतर चढण चढतात. या चढणीवर आघाडीचे घोडे हातभर अंतरात थांबल्यासारखे होतात. म्हणून या मैदानावरचा आधीचा विजय मला इतर मैदानावरच्या दोन विजयांपेक्षा मोलाचा वाटतो.

वजनाबद्दल थोडक्यात. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणायचा प्रयत्न असतो. १९७४ मध्ये रेड रमने १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो, पाठीवर घेऊन ग्रँड नॅशनल जिंकली. चॅम्पियन हर्डलसारख्या शर्यतीत वजन जवळजवळ सारखे असते, घोडीला मात्र सात पौंडांची, म्हणजे सव्वातीन किलोंच्या आसपास सवलत मिळते.

मग येते पॅडॉक. शर्यतीआधी घोडे इथे फिरवतात. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीच्या सुमारास घोडा घेणारा माणूस आधी भोवरे पाहतो, दात पाहतो, मग चालवून पाहतो. चेल्टनहॅमच्या पॅडॉकवर भोवऱ्यांना किंमत नाही, पण चालीला आहे. मागचे पाय पुढच्या पायांच्या ठशापलीकडे पडतात का, पुठ्ठ्यावरचे स्नायू भरले आहेत का, कान पुढे आहेत का, मांड्यांमध्ये घामाचा फेस तर नाही ना. सारंगखेड्याच्या जाणकाराला तिथे नेऊन उभे केले, तर भाषा न कळताही तो निम्मे घोडे बरोबर वेगळे काढील, असा माझा विश्वास आहे.

भाव या सगळ्यांनंतर पाहावा. कॉन्स्टिट्यूशन हिलचा भाव दोनाला एक होता, म्हणजे दोन लावले तर वर एक मिळणार. याचा अर्थ बाजाराच्या मतेही तो तीनांपैकी एकदा हरणारच होता. ‘नक्की’ असे बाजाराने कधी म्हटलेच नव्हते, ते आपण ऐकले. गोल्डन एसच्या एकाला पंचवीस भावात तिला सव्वीसांत एक संधी दिली होती. एवढी कमी का, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा होता. २०२४ साली याच मैदानावर, नवोदित घोड्यांच्या नव्हे तर नवोदित घोडींच्या शर्यतीत तिने ब्रायटरडेजअहेड या घोडीला हरवले होते. वर्षभराने ती ब्रायटरडेजअहेड चॅम्पियन हर्डलमध्ये दुसऱ्या क्रमांकाची पसंती होती आणि जिने तिला हरवले तिच्याकडे फारसे कोणी पाहतही नव्हते. दोघे पडले नसते तर गोल्डन एस जिंकली नसती, हे मान्य. पण मैदान तिचे होते, उडी तिची पक्की होती, आणि ती शेवटपर्यंत उभी राहिली.

घोडे पारखणाऱ्याने एक गोष्ट मनातून कधी काढू नये. इथे पडणे हे खेळातले गुण जाणे नाही. काही घोडे पडून उठतात, काही उठत नाहीत. त्यासाठीच २०२४ पासून ग्रँड नॅशनलमध्ये घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली आणि पहिली फेन्स सुरुवातीच्या रेषेच्या जवळ नेली, म्हणजे तिथवर येताना वेग कमी राहावा. उडी कच्ची असलेला घोडा केवळ वेगाच्या जोरावर मोठ्या शर्यतीत उतरवू नये, हे माझे ठाम मत आहे, भाव काहीही असो. त्या मंगळवारी पडलेले दोन्ही घोडे उठले, हे सगळ्यांत महत्त्वाचे.

पुढच्याच महिन्यात, ग्रँड नॅशनल जिथे होते त्या एन्ट्रीच्या मैदानावर, कॉन्स्टिट्यूशन हिल पुन्हा पडला. मे महिन्याच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये पंचेसटाउनला तिघे परत समोरासमोर आले, आणि या वेळी तिघेही शेवटपर्यंत उभे राहिले. स्टेट मॅन पहिला आला, गोल्डन एस दुसरी आणि कॉन्स्टिट्यूशन हिल पाचवा.