पोराची हिशोबपट्टी कुठाय?

लासलगाव मार्केटला कांदा विकला की शेतकरी हिशोबपट्टी घेतल्याशिवाय घरी निघत नाही. वजन किती, भाव काय, कपात किती, हातात किती पडले, सगळं त्या कागदावर. आता सांगा, टीव्हीवर जे चिमुरडं रोज रात्री तुमच्या आजीला हसवतं-रडवतं, त्याची हिशोबपट्टी कोण बघतं?

मायरा वायकुळ आठवतेय ना? ऑगस्ट २०२१ मध्ये झी मराठीवर ‘माझी तुझी रेशीमगाठ’ सुरू झाली आणि तिची परी घरोघरी पोचली. सोशल मीडियावरच्या व्हिडिओंमुळे ती आधीच ओळखीची होती. समोर श्रेयस तळपदे आणि प्रार्थना बेहेरे असले, तरी नजर जायची परीकडेच. मालिका जानेवारी २०२३ मध्ये संपली. मग ‘नीरजा’ ही हिंदी मालिका, २०२४ मध्ये ‘नाच गं घुमा’, २०२५ मध्ये ‘मुक्काम पोस्ट देवाचं घर’. ज्या वयात आपण पाढे पाठ करत होतो, त्या वयात एवढं काम!

कौतुक आहेच. पण रोजच्या मालिकेचं गणित जरा समजून घ्या. रोज एक भाग दाखवायचा म्हणजे शूटिंगही जवळपास रोजच. मोठा कलाकार ‘आज दमलोय’ म्हणू शकतो. सहा वर्षांचं पोर कुणाला सांगणार? आणि पैसे आले तर ते कुणाचे?

याच प्रश्नावरून अमेरिकेत मोठं प्रकरण झालं. १९२१ च्या ‘द किड’मध्ये चार्ली चॅप्लिनसोबत झळकलेला जॅकी कूगन लहानपणीच लखपती झाला. मोठा झाल्यावर कळलं, कमाई जवळजवळ संपलेली! १९३८ मध्ये तो स्वतःच्या आई आणि सावत्र वडिलांविरुद्ध कोर्टात गेला. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा आला.

आपल्याकडेही नियम आहेत, फक्त कुणी सांगत नाही. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग ३ तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शाळा बुडू द्यायची नाही. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्याच नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण भाचीचं रील शूट करणारे तुम्हीच, ऑडिशनची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकणारेही तुम्हीच. घरात इंग्रजी करार वाचू शकणारंही बहुतेक वेळा तुमच्याशिवाय कुणी नसतं. उद्या खरंच मुंबईहून फोन आला, तर पेढे जरूर वाटा. पण त्याआधी विचारा: परवानगी कुठाय? शाळेचं काय? तिच्या नावाचं खातं कोणत्या बँकेत? सेटवर काही चुकीचं दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणि सगळ्यात आधी तिलाच विचारा, ‘तुला करायचंय का गं?’ ती नाही म्हणाली, तर विषय तिथंच संपला.

कांद्याची पट्टी आपण दोनदा तपासतो. पोराची एकदा तरी तपासूया.